मेंदी, आत्या आणि किचनमध्ये थांबणारी आई

पत्र:
ताई नमस्कार. मी जयसिंगपूरची, वय 27, डिसेंबरात रविवारी दुपारचा मुहूर्त आहे. मुलगा इचलकरंजीचा, मारवाडी, त्यांचं मूळ गाव राजस्थानात पाली जिल्ह्यात. दोन्ही घरांचा होकार आहे, भांडण वगैरे काही नाही. पण त्यांच्याकडे मेंदीचा मोठा कार्यक्रम असतो आणि सासूबाईंना वाटतंय तो दोन्ही घरांनी मिळून आमच्याकडे करावा. माझी आत्या म्हणते आपल्यात हळद असते, मेंदीचे हे थेर सगळे सिनेमातले. दुसरं म्हणजे माझे पप्पा जाऊन 11 वर्षं झाली. आई म्हणते मी किचनमध्ये थांबते, पाहुण्यांच्या जेवणाचं बघते, तुम्ही करा सगळं. आत्या यावर काहीच बोलत नाही. सासूबाईंनी मागे फोनवर विचारलं होतं की ब्याणजींसाठी, म्हणजे विहीणबाईंसाठी, माझ्या आईसाठी, मेंदीवाली वेगळी सांगू का, मी काहीतरी बोलून विषय बदलला. तिसरं, हसू नका, माझ्या हातावर मेंदी रंगतच नाही, केशरी होते आणि जाते, आणि सगळे म्हणतात जितकी रंगेल तितकं सासूचं प्रेम. मैत्रीण म्हणते काळ्या मेंदीचा कोन आण, अर्ध्या तासात काळीभोर होते. काय करू?
– रंग न चढणारी

उत्तर:
अगं रंग न चढणारे,

हसले मी, सॉरी. पण तिसऱ्या प्रश्नाला हसले, आणि त्याचं उत्तर सगळ्यात आधी देते कारण त्यात घाई आहे. तो काळा कोन आणू नकोस. आणला असेल तर फेकून दे, मैत्रिणीलाही देऊ नकोस.

मेंदी काळी नसतेच बाई. मेंदीच्या पानात जो रंग असतो त्याला लॉसोन म्हणतात, तो कातडीतल्या केराटिनला जाऊन चिकटतो, आधी नारंगी दिसतो आणि मग हवा लागून दोन दिवसांत गडद होत जातो, विटकरी, चॉकलेटी, फार तर मरून. अर्ध्या तासात काळाकुट्ट होतो तो बहुतेक वेळा केसांच्या डायमधला पीपीडी नावाचा केमिकल रंग असतो, कातडीवर नुसता फासायची वस्तूच नाही ती. माझ्या पुतणीने तिच्या मैत्रिणीच्या लग्नात एका स्टॉलवर हौसेने असली काळी वेल काढून घेतली, चौथ्या दिवशी त्या वेलीच्या आकाराचे फोड. हो, पानाफुलांसकट, डिझाइन ओळखू येत होतं. डॉक्टर म्हणाले आता आयुष्यात केसांना डाय लावायचा विचार करू नको, एकदा अंगाने त्या केमिकलशी वैर धरलं की ते सुटत नाही. लग्नाच्या फोटोत तुला ते नकोय.

आता तुझी केशरी होऊन जाते ती का. तू मेंदी लावतेस, दोन तासांत सुकली की नळाखाली हात धरून धुतेस, बरोबर? माझी खात्री आहे. धुवायची नसते ती. सहा ते आठ तास, जमलं तर रात्रभर ठेवायची, सुकायला लागली की लिंबू-साखरेचं पाणी कापसाने टिपत राहायचं म्हणजे पोपडे पडत नाहीत, आणि सकाळी बोथट सुरीने नाहीतर नुसत्या बोटांनी खरवडून काढायची, वर खोबरेल तेल चोळायचं आणि जितका वेळ निभेल तितका वेळ पाणी टाळायचं. तव्यावर लवंगा टाकून त्या धुरावर हात धरतात ना, त्यात अंधश्रद्धा काही नाही, उबेने रंग चांगला धरतो. डिसेंबरात तर हात गार पडलेले असतात, त्यामुळे ऊब पाहिजेच. आणि कोपरापर्यंत काढलीस तरी तळहातासारखा रंग मनगटाच्या वर येणार नाही हे आत्ताच मनाशी धर, तळहात-तळपायाची मेलेली कातडी जाड असते म्हणून तिथे रंग जास्त बसतो आणि ती कातडी निघून गेली की रंगही जातो. म्हणजे सासूचं प्रेम मोजायचं यंत्र काय, तर मेलेली कातडी. मला सांग, ज्या बायकांच्या हातावर भांडी घासून घासून घट्टे पडलेत त्यांची मेंदी सगळ्यात गडद चढते, मग त्यांच्या सासवा सगळ्यात प्रेमळ असायला पाहिजेत की नाही? आमच्या गल्लीत तरी तसं काही दिसलं नव्हतं!

आता आत्याबाई.

आत्या अर्धी बरोबर आहे हे आधी मान्य करू. मेंदीचा वेगळा दिवस, स्टेज, पिवळे पडदे, डीजे, हे आपल्या मराठी लग्नात मुळात नव्हतं, ते उत्तरेकडून आलंय आणि 90 च्या दशकातल्या हिंदी सिनेमांनी त्याला हवा दिली यात खोटं काही नाही. पण मेंदी आपल्यात नव्हती असं म्हणाली तर तिला तिच्याच लहानपणाची आठवण करून दे. नागपंचमीच्या आदल्या दिवशी काय करायच्या गं पोरी? हरतालिकेला? मंगळागौरीला? माझं लग्न 1991 सालचं. चुडा भरायच्या दिवशी शेजारच्या काकूंनी त्यांच्या परड्यातल्या झुडपाची पानं पाट्यावर वाटली, त्यात काथ, लिंबू, चहाचं उकळलेलं पाणी, आणि तळहातावर मधोमध एक रुपयाएवढा गोळा थापला, भोवती काडीने ठिपके, आणि बोटांच्या टोकांना टोपणं. झालं डिझाइन! वर हातांना जुन्या साडीची फडकी बांधली आणि झोप म्हणाल्या. रात्रभर नाक खाजत होतं आणि खाजवता येत नव्हतं, माझ्या लग्नाच्या आदल्या रात्रीची आठवण विचारलीस तर ती हीच आहे. (आजकाल सोसायटीच्या कुंपणाला मेंदी म्हणून जे लावतात त्यातली बरीचशी झुडपं ही मेंदी नसतेच, वाटून बघू नकोस, नुसते हिरवे हात होतील.) आणि हाच मधला ठिपका आणि हीच टोपणं तमिळ बायका मरुदाणी म्हणून काढतात, त्यामुळे ही काही मारवाड्यांची मक्तेदारी नाही.

शिवाय मराठी म्हणजे फक्त आपण नव्हे. कोकणातल्या मुसलमान घरांत लग्नाआधी मेंदी असते. अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायली, आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू, त्यांच्यात लग्नाआधी मेंदीची रात्र असते, आणि त्यातले जे इस्रायलला जाऊन राहिले ते तिथेही ती करतात. आता आत्याला हे सगळं ऐकवलंस तर ती म्हणेल मला कशाला इतिहास शिकवतेस. नको ऐकवू. तिला एकच गोष्ट सांग, उष्टी हळद.

बघ, आपल्याकडे नवऱ्या मुलाला लागलेली हळद त्याच्या घरच्या बायका वाजतगाजत नवरीकडे आणतात आणि तीच तिला लावतात, तोवर तिची हळद सुरू होत नाही. म्हणजे त्या घरातून काहीतरी येतं आणि तुझ्या अंगाला लागतं, रंग सोडतं. तुझ्या सासरच्यांकडे हे काम बरंचसं मेंदी करते. त्यांच्यात सिंजारा म्हणून प्रकार असतो, गणगौर आणि तीज या त्यांच्या सणांच्या आदल्या दिवशी सासरहून सुनेला, ठरलेल्या सुनेलासुद्धा, मेंदी, बांगड्या, कपडे, घेवर ही मिठाई असं येतं. तुर्कस्तानात तर मेंदीच्या रात्री नवरी मूठ आवळून बसते आणि सासूने सोन्याचं नाणं ठेवल्याशिवाय उघडतच नाही, आणि तोवर बाकीच्या बायका तिला रडवणारी गाणी म्हणत असतात. (ही आयडिया सासूबाईंना सहज बोलता बोलता सांगून बघ, बघू नाणं येतंय का.) आणि अरब देशांमध्ये तर ही परंपरा इतकी घट्ट आहे की 2024 च्या डिसेंबरात 16 अरब देशांनी मिळून मेंदीच्या विधींची नोंद युनेस्कोच्या वारसा यादीत करून घेतली. थोडक्यात आत्याला हे सांग की त्यांची मेंदी म्हणजे आपली उष्टी हळदच, फक्त हिरवी. हळद आपली आपण करणारच आहोत, त्यावर कुणी घाला घालत नाहीये. मला वाटतं आत्याची खरी भीती ती आहे, की आपलं सगळं मागे पडेल आणि लग्न त्यांच्या पद्धतीचं होऊन जाईल, आणि ती भीती अगदीच वेडी नाहीये, दोन पद्धतींच्या लग्नात ज्यांच्याकडे जास्त झगमगाट असतो त्यांच्या गोष्टी आपोआप पुढे येतात. त्यामुळे चुडा, घाणा, हळद हे नीट, घाईघाईत न उरकता ठेवा. चुड्याला फोटोग्राफर बोलवा, फक्त संगीतला नको.

बरं. आता खरं पत्र.

तू ते तीन प्रश्नांच्या मध्ये दाबून टाकलंयस, एक आत्याचं, एक मेंदीच्या रंगाचं आणि मध्ये चार ओळीत आई. मी पत्र दोनदा वाचलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुझा प्रश्न मेंदीचा नाहीच. तुझ्या लग्नात तुझी आई किचनमध्ये असणार आहे, हा आहे.

आणि त्यातलं एक वाक्य तू असं पळत पळत लिहिलंयस की जणू त्याला काही अर्थ नाही. सासूबाईंनी विचारलं ब्याणजींसाठी मेंदीवाली वेगळी सांगू का. अगं थांब की जरा! त्यांना माहितीये ना तुझे पप्पा नाहीत ते? सोयरीक ठरवताना सगळं माहिती असतं माणसांना. आणि मारवाडी घरात मेंदी म्हणजे सुहागाची वस्तू, आपल्यापेक्षा त्यांच्यात हे जास्त कडक मानतात, आणि तरी त्या बाईंनी विचारलं. तिकडून दार उघडं आहे, बाई. कडी आपल्या बाजूने आहे. आणि ती तू लावलीस, विषय बदलून. तुला दोष देत नाहीये, अवघडल्यासारखं झालं असेल, पण त्यांना आज फोन कर आणि म्हण की मागे तुम्ही विचारलं होतं ते मला फार आवडलं, आईशी बोलून सांगते. एवढंच. बाकी वचन देऊ नकोस कारण आई काय म्हणते ते आपल्याला अजून कळलेलं नाही.

तुझ्या गावापासून हेरवाड कितीसं लांब आहे, तुझ्याच शिरोळ तालुक्यात. मे 2022 मध्ये त्या गावच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत, आणि त्याच महिन्यात सरकारने पत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसंच करा म्हणून सांगितलं. अख्ख्या देशात चर्चा झाली आणि सुरुवात झाली ती तुझ्या घराच्या शेजारून. पण ठराव झाला म्हणजे हात लगेच पुढे होत नाही हेही खरंय. मी माझ्या मावशीला बघितलंय, तिला कुणीच नाही म्हटलं नव्हतं, तिच्या मुलाच्या लग्नात सगळे तिला या या म्हणत होते तरी ती हळदीच्या वेळी दाराच्या चौकटीत उभी राहिली, एक पाय आत एक बाहेर. कारण तिच्या डोक्यात असं होतं की उद्या काही वाईट झालं तर लोक काय, मीच म्हणेन की मी हात लावला म्हणून झालं. तुझी आई किचन म्हणतेय ना, ते हेच असणार. पोरीचं काही वाईट व्हायला नको, एवढंच असतं गं त्यात. मागासलेपणा वगैरे म्हणून तिला झापू नकोस.

त्यामुळे पाहुण्यांसमोर हात धरून ओढत आणून बसवायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, फोटो, व्हॉट्सअॅप स्टेटस, हे अजिबात करू नकोस. असले व्हिडिओ बघितलेत मी, बाईच्या चेहऱ्याकडे कुणाचं लक्षच नसतं. आधी दोघीच असताना विचार, दुपारी, काम करता करता, शेंगा सोलताना वगैरे, समोरासमोर बसून नको. आणि तू मेंदी लावशील का असं विचारू नकोस, त्याचं उत्तर नाहीच येणार. विचार की माझी मेंदी भिजवशील का.

सांगते का ते. पाली जिल्ह्यातच सोजत आहे, मेंदीचं मोठं गाव, तिथल्या मेंदीला 2021 मध्ये जीआय टॅग, म्हणजे त्या गावच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळालाय, आणि ज्या घराचं मूळ गाव पालीत आहे त्यांच्याकडे सोजतची चांगली पावडर येत नसेल तर मी नाव बदलेन. सासूबाईंना म्हण तयार कोन नकोत, पावडर पाठवा. म्हणजे सिंजाऱ्यासारखं त्यांच्याकडून आलं. आणि ती भिजवायची तुझ्या आईने. मलमलच्या कापडातून चाळून, लिंबाचा रस, थोडी साखर म्हणजे तार धरते, चमचाभर नीलगिरीचं तेल, आणि झाकून रात्रभर ठेवायची, थंडीत जरा जास्तच वेळ लागतो रंग सुटायला. स्वयंपाकघरातच होतं हे सगळं. ती किचनमध्ये थांबते म्हणाली ना, थांबू दे, पण मग तुझ्या मेंदीची सुरुवातच त्या किचनमधून होईल आणि ती आईच्या हाताने होईल. आणि दुसरी एक गंमत सांगते, मेंदी कालवताना बोटं रंगतातच. चमच्याने कालव म्हणून सांगितलं तरी चव बघितल्यासारखं बोट घालून घट्टपणा बघतातच सगळ्या. म्हणजे सकाळी आईच्या बोटांना रंग असेल, कुणी लावला नसताना. मग कोन भरून झाला की तिला म्हण पहिला ठिपका तू काढ. तळहाताच्या मधोमध, आपला जुना गोळा, डिझाइनवाली त्याच्या भोवती काढेल, त्यांना सांगितलं की काढतात त्या, पैसे घेतात तर काढतील की.

आणि त्यानंतरही ती नको म्हणाली तर? तर नको. काही बायकांना खरंच नको असतं, मेंदीचा वाससुद्धा त्यांना तो दिवस आठवून देतो. मग तिला विचार तुला काय करायचंय माझ्या लग्नात, आणि जे सांगेल ते कर. कन्यादानाचं पण हळूच विचारून ठेव, मामा-मामी करणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं असेल, पण आई एकटी बसू शकते, गुरुजी तयार नसतील तर पुण्यात ज्ञानप्रबोधिनीत पौरोहित्य शिकलेल्या बायका लग्नं लावतात, तसं कुणी तुमच्या बाजूला मिळतंय का बघ. पण हे सगळं एकाच दुपारी नको गं, आईला धाप लागेल.

आत्या गप्प आहे म्हणजे तिला तेच बरोबर वाटतंय असं तुझ्या लिहिण्यातून वाटलं. असेल. पण अजून एक असू शकतं. गेला तो तिचा भाऊ होता. तुझ्या हळदीला, मेंदीला तो नसणार हे तिलाही दिसतंय आणि ती थेर थेर म्हणून ओरडतेय, काही माणसं रडायच्या ऐवजी ओरडतात. तिला चुड्याचं काम पूर्णपणे देऊन टाक, कासारीण कोण, बांगड्या कुठल्या, कोणाकोणाला भरायच्या, सगळं. आणि एकटीला गाठून म्हण, आत्या, आईला पण भर की हिरव्या. तिने म्हटलं तर आई ऐकेल. माझ्यापेक्षा, तुझ्यापेक्षा, ग्रामपंचायतीपेक्षा आत्याचं ऐकेल. ती भरेल का मला माहिती नाही, विचारून तर बघ.

आता दिवस लावून देते म्हणजे गोंधळ नको. रविवारचं लग्न, तर बुधवारी रात्री भिजवणं, गुरुवारी दुपारनंतर मेंदी, कोपरापर्यंत दोन्ही हात म्हणजे चार-पाच तास गेलेच, त्यामुळे आधी जेवून बस आणि बाथरूमला जाऊन ये, हे कुणी सांगत नाही. वॅक्सिंग बुधवारीच उरकून घे, नंतर केलंस तर रंग खरवडून निघेल. शुक्रवारी सकाळी खरवडायची, तेव्हा भोपळ्यासारखी केशरी दिसेल, रडायचं नाही, मला फोटो पाठवायचे नाहीत. रविवारपर्यंत चढते ती. चुडा शनिवारी सकाळी भरा, कारण बांगडी चढत नसली की कासारीण साबण लावून हात चोळते आणि कोवळा रंग जातो. हळद शनिवारी संध्याकाळी, तळहात सोडून लावा म्हणावं. आणि कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर आधी त्या पावडरीचा एक ठिपका लावून बघ, दोन दिवस काही झालं नाही तर निवांत.

लिंबू मात्र गाळून घ्यायला सांग आईला, बी कोनात अडकलं की ऐन वेळी फुटतो.

– ताई